रेखाटनातील संदर्भरेषा : संगणकीय आराखड्याचा अदृश्य आधार

घराची भिंत उभारण्यापूर्वी गवंडी दोन टोकांस खुंट्या रोवून त्यांच्यामध्ये दोरी ताणतो. विटांचा प्रत्येक थर ह्या दोरीला धरून बसविला जातो. भिंत पुरी झाली म्हणजे दोरी काढून घेतात. घरात राहणाऱ्यास ती कधीच दिसत नाही. तथापि भिंत सरळ की वाकडी, हे त्या दोरीनेच ठरविलेले असते. जी वस्तू शेवटी शिल्लक राहत नाही, परंतु शिल्लक राहणाऱ्या सर्व वस्तूंचे स्थान निश्चित करते, तिला ‘संदर्भ’ म्हणता येईल.

भारतात ही कल्पना प्राचीन आहे. यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांस शुल्बसूत्रे म्हणतात, आणि शुल्ब ह्या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे. वेदी आखताना प्रथम पूर्व-पश्चिम अशी ‘प्राची’ नावाची रेषा निश्चित करीत आणि मग तिच्या दोन्ही अंगांस वेदीचे कोपरे मोजून काढीत. वेदीची वीट प्राचीवर अवलंबून असे. प्राची मात्र कोणत्याही विटेवर अवलंबून नसे. ह्या एका वाक्यात प्रस्तुत विषयाचे सार आले आहे.

यंत्रांच्या भागांचे आराखडे आता बहुतांशी संगणकावर तयार होतात. ह्या पद्धतीस कारखान्यांत ‘कॅड’ असे म्हणतात. तिच्यात संदर्भरेषांचे महत्त्व कागदावरील रेखाटनापेक्षा अधिक आहे. ते का, हे पुढे पाहावयाचे आहे.

कागदावरील रेषा आणि संगणकातील रेषा

कागदावर आराखडा काढणारा आरेखक दोन प्रकारच्या रेषा वापरतो. वस्तूची दृश्य कड दाखविणारी रेषा जाड व अखंड असते. मध्यरेषा बारीक असून ती लांब तुकडा, बिंदू, लांब तुकडा अशा क्रमाने काढतात. भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांसाठी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘एसपी ४६’ ह्या पुस्तिकेत रेषांचे असे प्रकार ठरवून दिलेले आहेत. मध्यरेषा ही वस्तूचा भाग नव्हे, हे वाचणाऱ्या कारागिरास शिकविलेले असते, म्हणून घोटाळा होत नाही.

संगणकास मात्र असे समजून घेता येत नाही. रेखाटनातील बंद आकृतीस जाडी देऊन त्याला घन वस्तू तयार करावयाची असते. आकृतीच्या मधून गेलेली प्रत्येक रेषा तो वस्तूची कडच समजतो. आयताचे कर्ण साध्या रेषांनी काढले, तर त्याच्या लेखी तो एक आयत राहत नाही. घन वस्तू तयारच होत नाही किंवा भलतीच तयार होते. तसेच, पत्रा कापणाऱ्या यंत्राकडे असे रेखाटन गेले तर यंत्र मध्यरेषेवरूनही कापीत जाते आणि पत्रा वाया जातो.

हा घोटाळा टाळण्यासाठी रेखाटनातील कोणत्याही रेषेस ‘रचनारेषा’ म्हणून घोषित करण्याची सोय कॅडमध्ये असते. रचनारेषा मापनासाठी पूर्णपणे खरी असते. तिला मापे देता येतात, तिच्यावर बिंदू बसविता येतात. परंतु घन वस्तू घडविताना संगणक तिला वगळतो. ‘फ्रीकॅड’ ह्या विनामूल्य प्रणालीत साध्या रेषेची रचनारेषा व रचनारेषेची साधी रेषा करणारी एक कळच आहे, आणि रचनारेषा निळ्या रंगाने निराळ्या दाखविल्या जातात.

बंधने आणि मोकळीक

रचनारेषा उपयोगी कशी पडते हे समजण्यासाठी ‘बंधन’ ही कल्पना जाणली पाहिजे. प्रतलातील बिंदू दोन दिशांनी सरकू शकतो. त्यास दोन मोकळिका आहेत. रेषाखंडास दोन टोके असल्याने चार, तर वर्तुळास तीन मोकळिका असतात: केंद्राच्या दोन व त्रिज्येची एक. ‘ही रेषा आडवी आहे’ असे सांगितले की एक मोकळीक जाते. ‘हे दोन बिंदू एकच आहेत’ असे सांगितले की दोन जातात. सर्व मोकळिका संपल्या म्हणजे रेखाटन पूर्णपणे निश्चित झाले.

आता एक उदाहरण घेऊ. नळाच्या तोंडाशी बसविण्याच्या फ्लँजमध्ये सहा भोके समान अंतरावर पाडावयाची आहेत. त्यांची केंद्रे १२० मिलिमीटर व्यासाच्या एका वर्तुळावर आहेत. ह्या वर्तुळास कारखान्यात पिच सर्कल म्हणतात. धातूवर हे वर्तुळ कोठेही नसते.

पहिली रीत अशी की, प्रत्येक केंद्राचे स्थान हिशेबाने काढून लिहावे. पहिले भोक आडव्या अक्षावर केंद्रापासून ६० मिलिमीटरवर येईल. दुसरे आडवे ३० व उभे ५१·९६ मिलिमीटरवर. आणि असेच पुढे. आकृती बरोबर येते. परंतु नंतर व्यास १४० मिलिमीटर करावयाचा ठरला, तर सर्व आकडे पुन्हा काढावे लागतात. दुसरे भोक आता ३५ व ६०·६२ मिलिमीटरवर जाते. सहांपैकी एक आकडा जरी जुना राहिला, तरी पाच बोल्ट बसतील आणि सहावा बसणार नाही. आणि ही चूक फ्लँज तयार होऊन नळाला लावावयास नेल्यावरच उघडकीस येईल.

दुसरी रीत रचनारेषांची आहे. आरंभबिंदू केंद्र धरून पिच सर्कल रचनारेषेने काढावे. त्यास तीन मोकळिका होत्या; केंद्र जखडल्याने दोन व व्यास दिल्याने एक, अशा तिन्ही संपल्या. त्यात सहा बाजूंचा षट्कोन, तोही रचनारेषांनी, काढावा. सहा रेषांच्या चोवीस मोकळिका. टोके एकमेकांस जोडल्याने बारा गेल्या. सहा शिरोबिंदू वर्तुळावर बसविल्याने सहा गेल्या. सर्व बाजू समान असे सांगितल्याने पाच गेल्या. उरलेली एक मोकळीक म्हणजे षट्कोनाचे फिरणे होय. एक शिरोबिंदू आडव्या अक्षावर ठेवला की तीही संपते. आता प्रत्येक शिरोबिंदूवर भोकाचे वर्तुळ काढावे, सर्व भोके समान करावी आणि एकाचा व्यास द्यावा.

संपूर्ण रेखाटनात फक्त दोन मापे आली: पिच सर्कलचा व्यास आणि भोकाचा व्यास. १२० च्या जागी १४० लिहिताच सहाही भोके आपापल्या जागी सरकतात. वर्तुळात काढलेल्या सुसम षट्कोनाची बाजू त्रिज्येइतकीच असते, हे युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात सांगितले आहे. आरेखकास हा हिशेब करावाही लागत नाही. भूमितीच तो करते.

ह्या पद्धतीचा उगम

बंधनांची ही पद्धत अमेरिकेतील इव्हान सदरलँड ह्यांनी प्रथम सिद्ध करून दाखविली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेस १९६३ साली सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली वर्णिली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढावयाची आणि कळा दाबून त्या रेषांमधील संबंध सांगावयाचे, अशी तिची रीत होती. प्रबंधाच्या आरंभीचे उदाहरणही षट्कोनाचेच आहे. वेडावाकडा षट्कोन काढून त्याचे कोपरे वर्तुळावर नेले, बाजू समान केल्या, आणि काम झाल्यावर वर्तुळ पुसून टाकले. ते वर्तुळ गवंड्याच्या दोरीप्रमाणेच वापरले गेले होते.

पुढे १९८० नंतरच्या दशकात मापे व बंधने ह्यांवर आधारलेल्या घन-आराखड्यांच्या प्रणाली कारखान्यांत आल्या. त्यांत एक महत्त्वाचा फरक झाला. संदर्भ पुसून टाकण्याऐवजी तो जपून ठेवू लागले, कारण वस्तू पुढे बदलावयाची तर तिचा आधार जिवंत असला पाहिजे.

एकच आकृती, तीन अर्थ

संदर्भ कोणता निवडला, ह्याने आकृतीचा अर्थ बदलतो. १०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीत डाव्या कडेपासून ८० मिलिमीटरवर एक भोक आहे. हेच भोक उजव्या कडेपासून २० मिलिमीटरवर आहे, असेही म्हणता येते; किंवा मध्यरेषेपासून ३० मिलिमीटरवर आहे, असेही. तिन्ही विधाने खरी आहेत व तिन्ही आकृत्या सारख्या दिसतात. परंतु पट्टीची लांबी १२० केली, की पहिल्या विधानाप्रमाणे भोक डावीकडून ८० वर राहील, दुसऱ्याप्रमाणे १०० वर जाईल, आणि मध्यरेषा ६० वर आल्यामुळे तिसऱ्याप्रमाणे ९० वर येईल. ह्यांतील खरे कोणते, हे भूमिती सांगू शकत नाही. भोक कशासाठी आहे ह्यावरून ते ठरते. उजव्या कडेलगतच्या बिजागरीसाठी भोक असेल, तर उजवी कडच त्याचा योग्य संदर्भ होय. म्हणून संदर्भ निवडणे म्हणजे वस्तूचा हेतू लिहून ठेवणेच आहे.

आधार निसटण्याचा धोका

एका रेखाटनात आधीच तयार झालेल्या घन वस्तूची कड किंवा कोपरा आधार म्हणून घेता येतो. ह्यास ‘बाह्य संदर्भ’ म्हणता येईल. ही सोय उपयुक्त असली तरी तिच्यात धोका आहे. कोपऱ्यापासून भोकाचे अंतर मोजले, आणि पुढे आधीच्या पायरीत तो कोपरा गोल केला, तर ज्या बिंदूपासून मोजले तो बिंदूच नाहीसा होतो. प्रणाली चूक दाखविते व रेखाटन कोलमडते.

ह्याहून वाईट म्हणजे चूक न दाखविता झालेला बदल. संगणक घन वस्तूच्या कडांस स्वतःच क्रमांक देतो. वस्तूत नवीन खाच पाडली की कडांची संख्या बदलते आणि क्रमांक नव्याने पडू शकतात. चौदाव्या कडेला बांधलेले भोक मग भलत्याच कडेवर जाऊन बसते. ही अडचण सर्व प्रणालींना सोडवावी लागते. फ्रीकॅडच्या नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेल्या १·० ह्या आवृत्तीत तिच्यावर पुष्कळसा उपाय करण्यात आला. तरीही कडेवर विसंबण्याचा मूळ धोका संपूर्ण नाहीसा होत नाही.

म्हणून अनुभवी आरेखक आधारांची एक उतरंड पाळतात. सर्वांत भरवशाचे म्हणजे आरंभबिंदू, मूळ अक्ष व मूळ प्रतले. ती कधीच बदलत नाहीत. त्यानंतर मुख्य मापांचे एक मूळ रेखाटन करून बाकीची रेखाटने त्यावर आधारावी. घन वस्तूची कड हा शेवटचा पर्याय समजावा. कोपरे गोल करणे, कडा मारणे ही कामे शेवटी करावी, म्हणजे त्यांवर दुसरे काही अवलंबून राहत नाही. महत्त्वाच्या रचनारेषांस व मापांस नावे द्यावी. ज्या रचनारेषेवर काहीच अवलंबून नाही, ती काढून टाकावी. कारण निरुपयोगी दोऱ्यांच्या गर्दीत कामाची दोरी सापडत नाही.

शाळेत करून पाहण्याजोगे

वरील फ्लँजचे उदाहरण शाळेत सहज करता येईल. विद्यार्थ्यांनी प्रथम कागदावर कंपासाने षट्कोन काढावा आणि कोणत्या रेषा वस्तूत राहतील व कोणत्या पुसल्या जातील, ते दोन रंगांनी दाखवावे. नंतर तेच रेखाटन संगणकावर करून प्रत्येक बंधनागणिक किती मोकळिका उरल्या ते मोजावे. शेवटी पिच सर्कलचा व्यास बदलून पाहावा. एखादे भोक मागे राहिले, तर त्याचा आधार कोठे सुटला हे शोधून काढणे, हाच ह्या अभ्यासातील सर्वांत उपयुक्त भाग होय.

यंत्राचा भाग हाती आला म्हणजे त्यावर संदर्भरेषेची खूणही नसते. परंतु दोन निरनिराळ्या ठिकाणी घडविलेले भाग एकमेकांत नेमके बसतात, आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच आरेखकास त्यांत निर्धास्तपणे बदल करता येतो, ह्याचे श्रेय विचारपूर्वक निवडलेल्या त्या रेषांना असते.