अल्बममध्ये न सापडलेली आजी

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या!

आम्ही बदलापूरचे. आई-बाबांचं लग्न 2002 साली अंबरनाथच्या एका हॉलमध्ये झालं. अल्बमभर एकच सीन : मध्ये नवरा-नवरी, बाजूला आहेर देणारे, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. गेल्या वर्षी आजी, म्हणजे आईची आई, गेली. हार घालायला फोटो हवा म्हणून अल्बम चाळला, तर ती एकाच फोटोत सापडली. तोही कोपऱ्यात! पाठवणीच्या वेळी आईची बॅग छातीशी धरून उभी, नजर भलतीकडे. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. पण आई पर्समध्ये ठेवते, तो कोपऱ्यातलाच.

यात फोटोग्राफरची चूक नव्हती. तेव्हा रोल असायचा, एका रोलमध्ये 36 फोटो. शिवाय धुण्याचा, प्रिंटचा खर्च. म्हणून आहेर देणारा प्रत्येक पाहुणा आला पाहिजे, बाकीचं राहिलं तरी चालेल! आता कार्डात हजारो फोटो मावतात, तरी आपलं 'इकडे बघा, स्माईल' काही सुटत नाही.

डॉक्युमेंटरी फोटोग्राफीत पोझ नसते. जे घडतंय ते घडू द्यायचं आणि टिपायचं. मूळचे तैवानचे, मॅग्नम या नामांकित संस्थेचे फोटोग्राफर चिएन-ची चांग यांनी 'आय डू आय डू आय डू' (2001) या पुस्तकात तिथली लग्नं दाखवली. तैवानमध्येही लग्नाआधी स्टुडिओत नटूनथटून फोटो काढायची भारी हौस, आपल्या प्री-वेडिंगसारखीच. चांगनी मात्र त्या थाटामागचे अवघडलेले, एकटे चेहरे टिपले.

थोडं तंत्र. फ्लॅश बंद ठेवा, तो उडाला की सगळे सावध होतात. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून आयएसओ 1600 च्या आसपास. शटर 1/60 पेक्षा हळू नको, फोटो हलतो. थोडे दाणे दिसले तर दिसू देत. आणि स्टेजपेक्षा रुखवत, पंगत, पाठवणीआधीची खोली, तिकडे जा.

माझी रूममेट उल्हासनगरची, सिंधी. फाळणीनंतर तिच्या घरचे कल्याणच्या लष्करी छावणीत आले. त्याच छावणीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. तिच्या पणजीचं लग्न सिंधमध्ये झालेलं, पण घरात पणजीचा एकही फोटो नाही. ती कशी दिसायची, हे सांगणारंही आता कोणी उरलं नाही.

तेव्हा, मे महिन्यात घरच्या लग्नाला गेलात की दहा मिनिटं स्टेजकडे पाठ करा. मागच्या खुर्चीवर कुणाची तरी आजी बसलेली असेल.