सदोष उडी-आज्ञा : दोष कंपायलरचा की लिंकरचा?

प्रोग्रॅम चालू असता नियंत्रण भलत्याच पत्त्यावर गेले, की दोष कंपायलरच्या माथी मारला जातो. वस्तुतः दुसऱ्या फाइलीतील फंक्शनकडे नेणारी आज्ञा एकाच हातून पूर्ण होत नाही. म्हणून चूक कोणत्या टप्प्यावर झाली, हे आधी ठरविले पाहिजे.

लिनक्सवरील एक्स८६-६४ यंत्राची नेहमीची 'कॉल' आज्ञा ५ बाइटांची असते. पहिला बाइट ई८ हा आज्ञासंकेत होय. उरलेल्या ४ बाइटांत लक्ष्याचे अंतर असते व ते पुढील आज्ञेच्या आरंभापासून मोजतात. बाह्य फंक्शनचा पत्ता भाषांतराच्या वेळी अज्ञात असल्यामुळे असेंब्लर ही जागा बहुधा शून्यांनी भरतो आणि शेजारी रीलोकेशनची नोंद ठेवतो. ऑब्जेक्ट फाइलीतील ही शून्ये म्हणजे दोष नव्हे. ती लिंकरने भरावयाची रिकामी जागा होय.

समजा, आज्ञा १००० या पत्त्यावर आणि फंक्शन १२०० वर आहे. अंतराची जागा १००१ पासून सुरू होते; नोंदीतील पूरक संख्या उणे ४ असते. लिंकर १२०० − ४ − १००१, म्हणजे १९५ हे अंतर लिहितो. पुढील आज्ञा १००५ वर असल्याने १००५ + १९५ = १२०० हा ताळा जुळतो. पूरक संख्या वगळली गेल्यास उडी १२०४ वर, फंक्शनच्या अंतर्भागात पडेल.

निदानाचा क्रम यावरूनच निघतो. प्रथम ऑब्जडंपने ऑब्जेक्ट फाइलीतील आज्ञा व नोंदी एकत्र पाहाव्यात. नोंदीतील नाव, स्थान, प्रकार वा पूरक संख्या चुकीची असेल, तर दोष लिंकरपूर्वीचा होय. कंपायलरने निर्मिलेला असेंब्ली मजकूर तपासला म्हणजे तो कंपायलरचा की असेंब्लरचा, हे कळते. नोंद अचूक असूनही अंतिम फाइलीतील अंतर वरील गणिताशी जुळत नसेल, तर संशय लिंकरवर जातो. मात्र लिंकर पुष्कळदा प्रत्यक्ष फंक्शनऐवजी मधल्या दुव्याकडे उडी वळवितो. तो दुवा इष्ट स्थळी पोहोचत असल्यास त्यात दोष नाही. अंतिम फाइलही निर्दोष असेल, तर स्मृतीतील बाइट तिच्याशी ताडून पाहावेत. तेथे भेद आढळल्यास दोघेही निरपराध असून चालू प्रोग्रॅमनेच आपली आज्ञा पुसली असण्याचा संभव आहे.

सारांश, ऑब्जेक्ट फाइल, अंतिम फाइल आणि स्मृती या तिन्हींची साक्ष घेतल्यावाचून दोषारोप करणे शास्त्रीय नव्हे.