दुखते एकीकडे, आजार दुसरीकडे

आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात बसायला जागा नसते. त्या दिवशी सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारे वाक्य म्हणजे, "डॉक्टर, पोटात दुखतंय." मी विचारतो, "पोटात नेमकं कुठं?" उत्तर येते, "असं सगळं पोटच की हो," आणि हाताचा पंजा छातीपासून जांघेपर्यंत एकदा फिरतो. वाचकहो, त्या एका फेरीत जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, लहान व मोठे आतडे, मूत्रपिंडे, मूत्राशय, बायकांच्या बाबतीत गर्भाशय आणि बीजांडकोश, एवढे सगळे येऊन जाते. आता डॉक्टरने काय ओळखायचे?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आम्हाला दोन मुख्य विषय होते. अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीररचनाशास्त्र, आणि फिजिऑलॉजी म्हणजे शरीरक्रियाशास्त्र. कोणता अवयव कुठे आहे ते पहिले सांगते आणि तो तिथे बसून काय काम करतो ते दुसरे. जाडजूड पुस्तके वाचण्याची गरज सर्वांना नाही. पण आपल्याच घरात स्वयंपाकघर कुठे आणि न्हाणीघर कुठे हे जसे ठाऊक असते, तेवढी ओळख आपल्या शरीराची असायला हरकत नसावी.

पहिली अडचण शब्दांची आहे. आपल्या बोलीतले शब्द गोड आहेत, पण एकेक शब्द तीन-तीन घरी नांदतो. 'काळीज' घ्या. काळीज धडधडते, असे आपण म्हणतो तेव्हा ते हृदय असते. मटणाच्या दुकानात काळीज मागितले की खाटीक यकृत काढून देतो. 'शीर' म्हणजे कुणाला रक्तवाहिनी, कुणाला मज्जातंतू, तर पोटरीत गोळा आला की "शिरेवर शीर चढली", तिथे तो असतो बिचारा स्नायू. आणि 'पित्त' या शब्दाने तर माझी निम्मी ओपीडी भरते. आंबट पाणी घशाशी आले की पित्त, अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या की पित्त, डोके दुखून उलटी झाली की पित्त. आंबट पाणी हे जठरातले आम्ल असते. अंगावरच्या गांधी बहुतेक वेळा अ‍ॅलर्जीच्या असतात. अर्धे डोके दुखून उलटी होते ती बरेचदा अर्धशिशी. खरे पित्त, ज्याला आम्ही पित्तरस म्हणतो, ते यकृतात तयार होते, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. रंगाने पिवळे-हिरवे, चवीला कडू. पित्ताशयाच्या लहानशा पिशवीत ते साठते आणि तेलकट-तुपकट खाल्ले की आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करते. आयुर्वेदातील पित्ताची कल्पना याहून वेगळी आणि व्यापक आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण रुग्णाने "पित्त झालंय" म्हटले आणि डॉक्टरने ते तसेच लिहून घेतले, तर काय होऊ शकते ते पुढे सांगतो.

आधी पोटाचा नकाशा पाहू. लहानपणी पाटीवर फुली-गोळा खेळायला आपण दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारत होतो ना? तशाच रेघा पोटावर मनातल्या मनात ओढा. नऊ घरे झाली. अगदी मधल्या घरात बेंबी. वरच्या रांगेत उजवीकडे, बरगड्यांच्या आड, यकृत. वजन सुमारे दीड किलो, पोटातला सर्वांत वजनदार अवयव. त्याच्या खालच्या बाजूस चिकटून पित्ताशय. वर मध्यभागी, छातीचे मधले हाड संपते त्याखालच्या खळग्यात, जठराचा काही भाग आणि त्यामागे आडवे पसरलेले स्वादुपिंड. वर डावीकडे जठराचा बाकीचा भाग आणि बरगड्यांच्या आड प्लीहा, जिला आपल्याकडे पानथरी म्हणतात आणि जी हिवतापात वाढते. मधल्या घरात लहान आतड्याची वेटोळी, लांबी सुमारे २० फूट. मोठे आतडे, सुमारे ५ फुटांचे, या वेटोळ्यांना चौकटीसारखे वेढून असते: उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली. ते जिथे सुरू होते, तिथे खालच्या उजव्या घरात, करंगळीएवढे आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स. खाली मध्ये, ओटीपोटात, मूत्राशय आणि स्त्रियांचे गर्भाशय.

मूत्रपिंडे या नऊ घरांत शोधू नका. ती पाठीमागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास असतात. वाकून काम केल्यावर कमरेच्या खालच्या भागात कळ येते तेव्हा लोक घाबरून "किडनी गेली का हो?" असे विचारतात. ती जागा मूत्रपिंडाच्या बरीच खाली आहे, आणि दुखणे बहुतेक वेळा स्नायूंचे किंवा मणक्यांचे असते. मुतखड्याची कळ निराळी. ती कुशीतून निघून जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी स्वस्थ बसू देत नाही.

एवढे समजले की सगळे सोपे, असे वाटेल. पण इथेच खरी गोम आहे. आतला अवयव दुखावला तर तो आपला पत्ता बरोबर सांगेलच असे नाही.

माझ्या व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट. मे महिना, बाजारचा दिवस, संध्याकाळची वेळ. पन्नाशीचे एक शेतकरी आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुपारी भजी खाल्ली, तेव्हापासून पित्त झालंय. उलटीसारखं होतंय." हात पोटाच्या वरच्या खळग्यात होता. अंगाला घाम होता, पण त्या दिवशी मलाही घाम होता. मी पोट तपासले, मऊ लागले. आम्ल कमी करण्याचे इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. माझ्याकडे तेव्हा ईसीजीचे यंत्र नव्हते; पण हे कारण मी स्वतःला सांगत नाही, कारण ईसीजी काढायला पाहिजे हे मला सुचलेच नव्हते. पहाटे त्यांना जीपमधून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले. हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका होता. ते वाचले. पण हृदयाचा तेवढा भाग निकामी झाला आणि पुढे त्यांना पाण्याची घागर उचलली तरी दम लागे. औषधे न्यायला ते माझ्याकडेच येत राहिले. एकदा म्हणाले, "मीच पित्त म्हणालो, तुम्ही तरी काय करणार." ते त्यांचे मोठेपण. पित्त हा त्यांचा शब्द होता, तपासणी माझी होती.

हृदय पोटात दुखते कसे? याचे उत्तर फिजिऑलॉजीत आहे. आपल्या त्वचेत वेदनेचे मज्जातंतू दाट विणलेले असतात. पायाला काटा टोचला तर डोळे मिटूनही आपण अचूक तिथे बोट ठेवतो. आतल्या अवयवांत हे तंतू विरळ. शिवाय ते पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरतात ते त्वचेकडून येणाऱ्या तंतूंच्याच दारातून. वाडीवरच्या दोन घरांची पत्रे एकाच पेटीत पडावीत, आणि त्यांतल्या एका घराला रोज पत्र येत असावे, दुसऱ्याला वर्षातून एखादे; पोस्टमन सवयीने सगळी पत्रे पहिल्या घरी टाकणार. मेंदूचे तसेच होते. हृदयाची तक्रार तो छातीच्या, डाव्या हाताच्या, कधी दोन्ही हातांच्या, खालच्या जबड्याच्या किंवा पोटाच्या वरच्या खळग्याच्या नावावर टाकतो. म्हणून चाळिशीनंतर पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत दडपल्यासारखे होऊन घाम, मळमळ, दम किंवा हाताला जडपणा असेल, तर सोडा-लिंबू पीत बसू नये. आधी ईसीजी. एक ईसीजी ठीक आला आणि त्रास चालूच असला, तर थोड्या वेळाने दुसरा काढावा लागतो. मधुमेही माणसाला आणि कित्येक स्त्रियांना छातीत कळ न येता नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते, हेही लक्षात असू द्या.

असेच खांद्याचे. छाती आणि पोट यांच्या मधला पडदा म्हणजे श्वासपटल. आईच्या पोटात बाळाची घडण होत असताना हा पडदा मानेच्या पातळीवर आकार घेऊ लागतो आणि मग खाली सरकतो. त्याचा मज्जातंतू मात्र मानेतलाच राहतो, आणि खांद्याच्या त्वचेची खबरही तिथेच जाते. त्यामुळे सुजलेले पित्ताशय पडद्याला डिवचते तेव्हा उजवा खांदा दुखू शकतो. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एकाएकी दुखून तिला चक्कर आली आणि खांद्याच्या टोकाला कळ लागली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहून ती फुटली असण्याची शक्यता असते. आत रक्तस्राव चाललेला असतो. अशा वेळी खांद्याला बाम चोळण्यात एक मिनिटही घालवू नये.

आता अपेंडिक्सकडे येतो, कारण आपल्या भागात त्याच्यासाठी जे केले जाते ते पाहून अजूनही माझा जीव वरखाली होतो. अपेंडिक्स सुजायला लागते तेव्हा पहिली कळ येते ती बेंबीभोवती. कारण त्याचे तंतू आणि बेंबीजवळच्या त्वचेचे तंतू एकाच दारातून आत जातात. घरातले जाणते माणूस म्हणते, "बेंबी सरकली." मग तेल लावून पोट चोळणे, ओढणे, वर एरंडेलाचा डोस. बेंबी म्हणजे आईच्या नाळेचा राहिलेला वण. ती सरकत नाही आणि सरकवता येत नाही. काही तासांनी, बहुधा दिवसभराच्या आत, सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. या अस्तरात त्वचेसारखेच तिखट तंतू असतात, त्यामुळे आता दुखण्याला खरा पत्ता सापडतो आणि कळ खाली उजवीकडे उतरते. बेंबीपासून कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत रेघ ओढली, तर हाडाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावरची जागा दाबली की रुग्ण कळवळतो. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली ही जागा नोंदवली. आज सोनोग्राफी आली तरी आमचे बोट प्रथम तिथेच जाते. मुलगा पोटाला धरून वाकून चालत असेल, खोकल्यावर दुखत असेल, जेवण नको म्हणत असेल, तर त्याला चोळू नका आणि जुलाबाचे औषध मुळीच देऊ नका. कळ एकदम थांबली म्हणून खूशही होऊ नका. कधी कधी अपेंडिक्स फुटल्यावर थोडा वेळ आराम पडतो, आणि मग सगळ्या पोटात पू पसरतो.

लाजेपोटी लपवले जाणारे एक दुखणेही इथे सांगायला हवे. बारा-पंधरा वर्षांचा मुलगा "पोटात दुखतंय" म्हणतो, कारण खरी जागा सांगायला तो लाजतो. अंडकोषाला पीळ पडला असेल तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची आशा चांगली असते. वडिलांनी मुलाला बाजूला घेऊन सरळ विचारावे. तसेच लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काहीच सापडत नसेल, तर खुबा तपासून घ्यावा. तिथेही तीच दोन घरांच्या पत्रांची गडबड असते.

मग डॉक्टरकडे गेल्यावर सांगायचे काय? आजाराचे नाव सांगू नका, ते शोधणे आमचे काम. एका बोटाने जागा दाखवा; बोट ठेवता येत नसेल आणि सगळा पंजाच ठेवावा लागत असेल, तर तसे सांगा, त्यावरूनही आम्हाला पुष्कळ कळते. आधी कुठे दुखू लागले आणि आता कुठे दुखते, किती वाजता सुरू झाले, कळ येते-जाते की सलग आहे, हलल्यावर वाढते का, सोबत घाम, उलटी, ताप, लघवीला जळजळ आहे का. बायकांनी शेवटच्या पाळीची तारीख न विचारता सांगावी. सासूबाई शेजारी बसल्या आहेत म्हणून गप्प राहू नये. डॉक्टर घाईत दिसला तरी हे सगळे त्याला ऐकायला लावा. गर्दीच्या दिवशी मीही घाईत असतो.

पोटात जोराने दुखत असलेल्या माणसाला दवाखान्यात आणताना काही खाऊ-पिऊ घालू नका, शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे असलेले बरे. गरम पाण्याची पिशवी घरीच ठेवा. हृदयाची शंका असेल तर रुग्णाला चालवत किंवा मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा, आणि आधी दिलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या, रिकामी असली तरी.