गाडी कधी यायलीय?

चाकण आणि मांजरसुंबा एकाच रस्त्यावर आहेत, हे माहितीये? राष्ट्रीय महामार्ग ५४८ डी. तळेगावहून निघतो, चाकण, शिक्रापूर, श्रीगोंदा, जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याच्या चौकात येतो आणि पुढं केज-अंबाजोगाईकडं जातो. चाकणला महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात. सकाळी तिथून निघालेला माणूस दुपारी मांजरसुंब्याच्या चौकात चहा पिऊ शकतो. पण तिथली नवी गाडी बुक केली, की तेवढंच अंतर कापायला तिला कित्येकदा महिने लागतात.

या महिन्यांचा सगळ्यात जास्त त्रास घरात कुणाला? बुकिंग वडिलांच्या नावावर, पैसे वडिलांचे. पण मोबाईलवर व्हेरिएंट निवडणारं, ओटीपी टाकणारं आणि शेवटचं बटण दाबणारं लेकरू कॉलेजातलं. म्हणजे आपणच! त्यामुळं रोज सकाळी, दर लग्नात, दर पारावर विचारला जाणारा 'गाडी कधी यायलीय?' हा प्रश्नसुद्धा आपल्याच वाट्याला येतो. त्याचं खरं उत्तर द्यायचं, तर आधी ही रांग चालते कशी ते कळायला पाहिजे.

रांगेत पुढं कोण?

१४ फेब्रुवारी २०२५. व्हॅलेंटाइन डे. महिंद्रानं बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक गाड्यांचं बुकिंग उघडलं. पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग झाली. एक्स-शोरूम किमतीनं हा आकडा ८,४७२ कोटी रुपयांवर गेला.

जाहिरातीत दिसणारी सुरुवातीची किंमत होती बीई ६ साठी १८.९० लाख आणि एक्सईव्ही ९ई साठी २१.९० लाख. ही किंमत 'पॅक वन'ची, म्हणजे सगळ्यात खालच्या व्हेरिएंटची. घरच्या चार्जरचे पैसे त्यात नव्हते, ते वेगळे. आता डिलिव्हरीचं वेळापत्रक बघा. सगळ्यात महाग 'पॅक थ्री' मार्चपासून. 'पॅक थ्री सिलेक्ट' जूनपासून. 'पॅक टू' जुलैपासून. आणि 'पॅक वन' ऑगस्टपासून.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच मिनिटाला दोघांनी बटण दाबलं असेल, तरी २६.९० लाखांची बीई ६ घेणाऱ्याची रांग मार्चमध्ये हलायला लागली आणि १८.९० लाखांची घेणाऱ्याची ऑगस्टमध्ये. पाच महिन्यांचा फरक. कंपनीनं हे लपवलं नव्हतं, वेळापत्रक आधीच जाहीर केलं होतं. धंद्याच्या बाजूनं बघितलं तर कारणही कळतं. नव्या गाडीचं उत्पादन सुरुवातीला मर्यादित असतं, मग ज्या गाडीत जास्त पैसे, ती आधी. पण मधल्या काळात घरी प्रश्न विचारणाऱ्यांना हे कोण समजावणार?

उलटा प्रकारही असतो. टाटानं टियागो ईव्हीचं बुकिंग १० ऑक्टोबर २०२२ ला २१,००० रुपयांवर उघडलं. ८.४९ लाखांपासूनची किंमत पहिल्या १०,००० ग्राहकांसाठी असं सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी १०,००० बुकिंग झाली, मग त्याच किमतीत आणखी १०,००० ग्राहकांना गाडी द्यायचं ठरलं. गाड्या मिळायला लागल्या २०२३ च्या सुरुवातीला. इथं 'लवकर या, स्वस्त मिळवा' ही घाई किमतीतच घातलेली होती.

आणि टेस्ला! मॉडेल ३ साठी २०१६ मध्ये जगभरात १,००० डॉलर भरून नोंदणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यातच सव्वातीन लाखांवर नोंदण्या झाल्या. त्यात भारतातलेही लोक होते. भारतात टेस्लाचं पहिलं शोरूम उघडलं १५ जुलै २०२५ ला, मुंबईत बीकेसीमध्ये, आणि तेही मॉडेल वायचं, ५९.८९ लाखांपासून. त्या शोरूममधली पहिली गाडी ५ सप्टेंबर २०२५ ला राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली. २०१६ मध्ये पैसे भरलेल्यांना त्या नऊ वर्षांत भारतातल्या शोरूममधून एकही गाडी मिळाली नाही.

आजोबांची चेतक

हे सगळं आजोबांना सांगून बघा. ते हसतील. त्यांच्या काळात बजाज चेतक बुक करून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं थांबायचे. चेतक पुण्याच्या आकुर्डीत बनायची. किती स्कूटर बनवायच्या हे कंपनीच्या हातात नव्हतं, सरकारी परवान्यात लिहिलेलं असायचं. मागणी वाढली तरी कारखाना वाढवता यायचा नाही. मग नंबर लागलेली स्कूटर 'ऑन' देऊन विकली जायची. आणि तेव्हाही दुसरी रांग होतीच. परदेशातल्या नातेवाइकाकडून परकीय चलनात पैसे भरले की स्कूटर लवकर मिळायची.

मारुती ८०० ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. त्यांचा नंबर सोडतीत निघाला होता. नशिबावर का होईना, पण ती सोडत सगळ्यांसाठी एकच होती.

आता परवाना राज नाही. मग आता का थांबायचं? कारण गाडीचे सुटे भाग जगभरातून येतात. ४ एप्रिल २०२५ ला चीननं काही दुर्मिळ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बहुतेक मोटारींत हीच चुंबकं लागतात. थोड्याच महिन्यांत बजाज ऑटोनं इशारा दिला, की चुंबकं आली नाहीत तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन थांबवावं लागेल. आजोबांच्या चेतकची चावी दिल्लीच्या फायलीत अडकायची, नातवाच्या चेतकची बीजिंगच्या फायलीत अडकली.

तसं बीडच्या माणसाला वाट बघणं कुणी शिकवायची गरज नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला मंजुरी १९९५ ची. बीडमध्ये रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. ही वाट एकट्यानं काही करून कमी होणारी नव्हती. गाडीच्या वाटेत मात्र आपल्या हातात बरंच काही आहे.

थांबायचंय तर ही कामं करा

पहिलं काम, बुकिंगचा कागद वाचा. पीडीएफ मेलमध्ये पडलेली असते, ती कुणी उघडतच नाही. त्यात तीन गोष्टी शोधा. बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत, किती दिवसांत? किंमत बुकिंगच्या दिवशीची लागणार की डिलिव्हरीच्या दिवशीची? बहुतेक कागदांत डिलिव्हरीच्या दिवशीची असं लिहिलेलं असतं. आणि तिसरं, डिलिव्हरीची तारीख 'अंदाजे' आहे की पक्की? फोनवर तोंडी मिळालेली तारीख मेलवर लेखी मागा. पुढं भांडण झालंच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन्हीकडं कागद लागतो, 'साहेब म्हणाले होते' चालत नाही.

दुसरं काम, घरचा मीटर. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात उशिरा आठवतं. ५९ युनिटची बॅटरी असलेली गाडी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॉटनं चार्ज केली, तर रिकामी बॅटरी भरायला १८ तास लागतात. ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवला, तर साधारण नऊ तास. म्हणजे रात्री लावली, सकाळी तयार. पण गावाकडच्या घराचा मंजूर भार बऱ्याचदा एक-दोन किलोवॉटच असतो. तो महावितरणकडं अर्ज करून वाढवावा लागतो. वायरिंग जुनं असेल तर चार्जरपर्यंत वेगळी जाड केबल, एमसीबी आणि नीट अर्थिंग लागतं. गाडी दारात आल्यावर अर्ज करायचा, की आत्ता? आणि आपल्या फीडरला रात्री वीज किती वेळ असते, दाब किती असतो, हे पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा. चार्जर घेताना ही वही शोरूमच्या माहितीपत्रकापेक्षा कामाची ठरेल.

तिसरं काम, आपला नकाशा. मांजरसुंबा म्हणजे चौफुला. राष्ट्रीय महामार्ग ५२ वर एका बाजूला छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्या बाजूला सोलापूर, दोन्ही साधारण दीडशे किलोमीटरवर. युनिटमागं सहा किलोमीटर धरले, तर ५९ युनिटमध्ये ३५४ किलोमीटर. संभाजीनगरला जाऊन-येऊन तीनशे. कागदावर बसतं, पण शिल्लक फार राहत नाही. एसी, चार माणसं आणि वेग धरला तर आणखी कमी. शिवाय घाट आहे. बीडकडं उतरताना मोटार जनरेटरसारखी चालून बॅटरीत थोडी वीज परत भरते, पण येताना तोच घाट चढायचाय.

म्हणून ज्या रस्त्यांनी आपण खरंच जातो, त्यावरची चार्जिंग स्टेशनं ॲपमध्ये बघण्यावर थांबू नका. बसनं जाताना उतरून बघा. मशीन चालू आहे का? आपल्या गाडीचा प्लग बसतो का? किती किलोवॉटचं आहे? राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलंय. आपल्या रस्त्यावर ते कितपत उतरलंय, हे शोधायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही.

टोलचंही तसंच. 'ईव्हीला टोल माफ' ही रील सगळ्यांनी बघितलीये. या धोरणातली पूर्ण टोलमाफी आहे अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर. पाडळसिंगी आणि पारगावच्या नाक्यांवर ती रील दाखवून गाडी पुढं जाणार नाही.

चौथं काम, कर्ज. बँकेनं कर्ज मंजूर करणं वेगळं आणि पैसे डीलरला देणं वेगळं. पैसे गेले की व्याज सुरू. त्यामुळं गाडीचा चॅसिस नंबर हातात येईपर्यंत बँकेला रक्कम सोडू देऊ नका. आणि ईव्हीच्या कर्जावर दीड लाखांपर्यंतच्या व्याजाला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते असं कुणी सांगितलं, तर विचारा, कर्ज कधी मंजूर झालेलं? ती सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे.

रांग सोडायची का?

वाट बघता बघता हिशेबही बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ईव्हीवरचा आधीपासून ५ टक्के होता, तो तसाच राहिला. म्हणजे ऑगस्टमध्ये केलेली 'पेट्रोल की इलेक्ट्रिक' ही तुलना ऑक्टोबरमध्ये शिळी झाली. वडिलांनी 'परत एकदा बघ रे' म्हटलं तर चिडू नका, खरंच परत बघा.

माझा हिशेब असा. महिन्याला गाडी किती किलोमीटर फिरणार, हे आधी खरंखुरं लिहा. रोज बीडला ये-जा असेल, घरी रात्री चार्जिंग होत असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. गाडी आठवड्यातून एकदा निघणार आणि वर्षातून दोनदा पुण्याला जाणार असेल, किंवा भार वाढवायचं काम अडलेलं असेल, तर बुकिंगचे पैसे परत घेण्यात लाज कसली? चारचौघांना सांगून झालंय म्हणून पंधरा-वीस लाख अडकवणं महागात पडतं.

आणि रांगेत मागं असण्याचा एक फायदाही आहे. पहिल्या तुकडीच्या गाड्यांत सॉफ्टवेअरच्या तक्रारी निघाल्या, तर त्या आधीच्या ग्राहकांना आधी कळतात. उन्हाळ्यात किती चालते, सर्व्हिस सेंटरला किती दिवस लागतात, हे तोवर लोक सांगू लागतात. पॅक वनवाल्यानं ते पाच महिने असे वापरले, तर तो पॅक थ्रीवाल्यापेक्षा शहाणा ग्राहक होऊन शोरूममध्ये जातो.

मग एक दिवस फोन येतोच. तेव्हा मुहूर्त काढण्याआधी दिवसा उजेडात, नोंदणीच्या आधी गाडी बघायला जा. चॅसिस नंबरवरून ती कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. किती किलोमीटर फिरलीये बघा. चार्जर लावून प्रत्यक्ष चार्ज होते का बघा, केबल आणि दुसरी चावी मोजून घ्या, बॅटरीची वॉरंटी कुणाच्या नावावर आणि किती वर्षं हे कागदावर वाचा. काही खटकलं तर सही करू नका. एमएच २३ ची हिरवी पाटी एकदा लागली, की गाडी कागदोपत्री तुमची झाली. त्यानंतर ती बदलून मागणं फार अवघड जातं. इतके महिने थांबलात, तर एक दुपार आणखी थांबायला काय हरकत आहे?