आजाराची खात्रीशीर माहिती हवी? रुग्ण-ग्रंथालय वापरा!

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडलं की खरे प्रश्न सुचायला लागतात. मग आपण व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड चाळतो. त्याहून कितीतरी चांगली सोय म्हणजे रुग्ण-ग्रंथालय.

१९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘प्लेनट्री’ संस्थेनं सामान्य माणसांसाठी असं आरोग्य-माहिती केंद्र उघडलं. आपल्या मुंबईत डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी ‘हेल्प’ हे विनामूल्य ग्रंथालय सुरू केलं. घरबसल्या वाचायचं तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ आहे. १९९८ पासून सुरू, मोफत आणि जाहिरातमुक्त!

ग्रंथपालांकडे जाताना:
🔹 आजाराचं नेमकं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं ‘शुगर’ म्हटलं, तर टाइप १ की टाइप २ हे कळत नाही आणि दोन्हींचे उपचार वेगळे असतात.
🔹 औषधाच्या ब्रँडसोबत त्यातल्या मूळ घटकाचं नावही टिपा.

कोणतीही माहिती वाचताना:
✅ कोणी लिहिली? कोणी तपासली?
✅ शेवटची सुधारणा कधीची?
✅ फायद्यांसोबत धोकेही सांगितलेत का?
❌ ‘शंभर टक्के गुण’ म्हणत लगेच काही विकत असतील, तर तिथेच थांबा.

ग्रंथपाल निदान करत नाहीत, औषधही सुचवत नाहीत. ते योग्य पुस्तक, योग्य पान हाती देतात. ते वाचा, प्रश्न कागदावर उतरवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना नि:संकोच विचारा. समजून घेणं हा रुग्णाचा हक्कच आहे!

#आरोग्यसाक्षरता #रुग्णग्रंथालय