रोमक, रूम, रोम : एका नावाच्या तीन वाटा

काष्ठौषधींच्या दुकानात 'रुमी मस्तकी' नावाचा डिंक मिळतो. नावावरून तो रोमचा वाटतो. पण त्याचे झाड ग्रीसच्या किऑस बेटावरचे. मग त्याला रुमी का म्हणायचे? शहापूर-मुरबाड भागातील नावांची टिपणे मी करतो. या नावाचा माग काढताना लक्षात आले, की इटलीतील या शहराचे नाव आपल्याकडे तीन वाटांनी आले आणि दर वाटेने त्याचा अर्थ पालटला.

पहिली वाट समुद्राची. मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढतो. सातवाहनकाळी जुन्नर आणि कल्याण जोडणारा हा व्यापारी मार्ग. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण 'कल्लिएना' म्हणून येते, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीचे मद्यही. अशा दळणवळणातून यवनांचे ज्योतिषही आले. वराहमिहिराने सहाव्या शतकात सांगितलेल्या पाच सिद्धान्तांपैकी एक 'रोमक'. आर्यभट सांगतो, लंकेत सूर्योदय होतो तेव्हा रोमकात मध्यरात्र असते. म्हणजे ९० अंशांचे अंतर. ही लंका उज्जैनच्याच रेखांशावर मानलेली, आणि उज्जैनपासून रोम प्रत्यक्षात सुमारे ६३ अंश पश्चिमेला. तेव्हा हे रोमक म्हणजे शहरापेक्षा गणितातली एक खूण.

दुसरी वाट फारसीची. ३३० साली कॉन्स्टँटिनोपल रोमन साम्राज्याची नवी राजधानी झाली. तिथले लोक १४५३ पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवीत. म्हणून अरबी-फारसीत 'रूम' म्हणजे तो मुलूख, पुढे तुर्कस्तान. कोन्यात राहिलेला कवी जलालुद्दीन 'रूमी' ठरला तो यामुळे. अहमदनगरात १५४९ साली 'मुलूख-मैदान' तोफ ओतणारा महंमदही असाच रूमी. जुन्या मराठीतले 'रूमशाम' म्हणजे तुर्कस्तान आणि सीरिया. मस्तकीचे बेटही त्याच राज्यातले. 'रुमाल' मात्र या कुळातला नव्हे : फारसीत 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा.

तिसरी वाट युरोपीयांची. पोर्तुगीजांबरोबर रोमचे नाव गोव्यात आले. तिथे कोंकणीची एक लिपी आजही 'रोमी' म्हणवते. मराठीतले 'रोम' इंग्रजीमार्गे रूढ झाले. इटलीची माणसे मात्र 'रोमा' म्हणतात.

जुन्या कागदात 'रूम' दिसले की आपण चटकन इटलीचा नकाशा उघडतो, आणि तुर्कांचा इतिहास रोमच्या नावावर जमा होतो. शब्द कोणत्या वाटेने आला, हे आधी पाहावे. आमच्या शहापुरातला 'शाह' दुसऱ्या वाटेचा, 'पूर' संस्कृतातले. आणि गावाचे नाव घेताना कुणाला सांधा जाणवतही नाही.