पाणी वजा केलेला फोटो

भातसानगरचं भातसा धरण सुमारे 88 मीटर उंच. जलाशय काठोकाठ भरला की मुंबईसाठी 7,17,037 दशलक्ष लिटर उपयुक्त पाणी साठतं, शहराची जवळपास निम्मी तहान त्यावर भागते आणि भिंतीची पाण्याकडची बाजू नजरेआड जाते. तिथे भेग पडली तर ती किती लांब, किती रुंद? पाणबुडा चाचपून सांगेल. पण नेमकं माप हवं तर कॅमेरा खाली न्यावा लागतो.

तत्त्व साधं आहे. एकच दगड दोन जागांवरून टिपला की दोन फोटोंत तो किंचित सरकलेला दिसतो, आणि त्या सरकण्यावरून त्याचं अंतर निघतं. एकमेकांवर भरपूर चढणारे शेकडो फोटो दिले की संगणक भिंतीचे लाखो बिंदू त्रिमितीत मांडतो. कॅमेरा कुठे होता तेही तोच शोधतो. कारण जीपीएसचे संकेत पाण्यात पोचतच नाहीत! खरी मापं कळावीत म्हणून फोटोत ठरावीक लांबीची पट्टी ठेवतात.

पण पाणी खोड्या काढतं. सपाट काचेतून येताना किरण वाकतात आणि वस्तू पाऊण अंतरावरच असल्यासारखी भासते. त्यावर उतारा घुमटाकार काचेचा: लेन्स घुमटाच्या केंद्राशी नेमकी बसवली की किरण काचेवर काटकोनात पडतात, वाकतच नाहीत.

रंगांचा प्रकार याहून अजब. पाणी लाल रंग आधी गिळतं, तलावात कुजलेला पालापाचोळा निळा खातो, उरतो हिरवा. शिवाय तरंगत्या कणांवरून परतलेला उजेड चित्रावर धुकं पसरवतो. हे सारं अंतरागणिक बदलतं. 2019 मध्ये दर्या अक्काइनाक आणि ताली ट्रायबिट्झ या संशोधकांनी ‘सी-थ्रू’ ही पद्धत मांडली. प्रत्येक बिंदूचं अंतर ठाऊक असेल, तर पाण्याने तिथला किती रंग खाल्ला आणि किती धुकं मिसळलं याचा हिशेब करून पाणी चक्क वजा करता येतं. अंतर कुठून आणायचं? त्याच फोटोंच्या त्रिमितीतून! आकार सापडला म्हणून रंग सापडतो. विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत समुद्रात, आंग्रिया बँकेवर प्रवाळं आहेत. तिथलं एखादं फिकट प्रवाळ आजारी आहे की नुसतंच लांब, हे अशा फोटोतून कळू शकतं.

भातसासारख्या जलाशयात मात्र हंगाम पाहावा लागतो. पावसाळ्यात नद्या माती घेऊन येतात तेव्हा कॅमेरा आंधळा होतो. सोनार गढूळ पाण्यातही चालतं, पण केसाएवढी भेग त्याला दिसत नाही. ती हवी असेल तर गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं आणि मग दिवे लावून, भिंतीच्या अगदी जवळून फोटो घ्यायचे.